चित्रातला डावखुरा

आत्याने चित्र उचललं आणि मागून "अरेरे!" असा आवाज आला. वळून न बघताच तिने ओळखलं.

"कर्नल, उशीर केलात."

"पार्किंग मिळेना," कर्नल म्हणाले. "पण काही हरकत नाही. मी आहे इथेच. तुमचा हात दुखायला लागला की सांगा."

भाची हसली. जुन्या गोल्फच्या वस्तूंच्या या बाजारात ती पहिल्यांदाच आली होती, पण इथला एकमेव कायदा आत्याने तिला गाडीतच पढवला होता. वस्तू जोवर हातात, तोवर हक्क तुमचा. टेबलावर ठेवलीत की सुटली. मग शेजाऱ्याने उचलली तर डोळे वटारायचे नाहीत, आणि 'आधी मी बघत होते' म्हणून गळा काढायचा नाही. या कायद्यापायी एका गृहस्थांनी म्हणे गोल्फच्या चित्रांची चिनी मातीची किटली काखोटीला मारून टेबलाशीच उभं राहून एका हाताने अख्खं जेवण उरकलं होतं.

बाजार भरला होता बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. लांबच लांब टेबलं, त्यांवर लाकडी दांड्यांच्या स्टिक, चामडी चेंडू, करंडक, पत्र्याचे डबे. सगळीकडे तेल पाजलेल्या लाकडाचा वास. आलेले बहुतेक लोक साठीच्या पुढचे, आणि त्यांतल्या निम्म्यांनी गोल्फ कधी खेळलेलंच नव्हतं. प्रत्येकाचं खूळ वेगळं. कुणी फक्त चेंडू जमवायचा, कुणी फक्त चेंडूंचे डबे, आणि दोघांची एकमेकांशी बोलचाल नव्हती. कर्नलांना गोल्फच्या चित्रांतली कुत्री हवी असत. ते सैन्यात कधीच नव्हते. रंगांच्या कारखान्यात मॅनेजर होते. हुद्दा मिशांनी मिळवून दिलेला.

आत्याचं खूळ डाव्या हाताचं. ती स्वतः डावखुरी. लहानपणी शाळेत डाव्या हातावर पट्ट्या खाल्ल्या, मोठेपणी गोल्फ शिकायला गेली तर तिथेही शिकवणारा म्हणाला, "बाई, हात बदला." त्याच्याकडे सगळ्या स्टिक उजव्या हाताच्या. कितीतरी वर्षं ती दुसऱ्यांच्या स्टिकने दुसऱ्यांचा खेळ खेळत राहिली, वाईट खेळत राहिली. मग एकदा भंगाराच्या दुकानात छत्र्यांच्या गठ्ठ्यात एक जुनी स्टिक सापडली. पातं उलट्या बाजूला वळलेलं. तिने दुकानातच ती फिरवून बघितली. "हात घरी आल्यासारखे वाटले गं," असं ती अजून सांगायची, आणि दुकानदाराचा बल्ब फुटला ते सांगायला विसरायची. तो भाग आतोबा सांगायचे.

तेव्हापासून तिच्या चष्म्याच्या दुकानात, नंबर तपासायच्या खुर्चीसमोर, एक भिंत डावखुऱ्यांची झाली होती. उलट्या पात्याच्या स्टिक, डावखुरे खेळाडू घालतात तो उजव्या हाताचा एकुलता हातमोजा, डाव्या हाताने फटका मारणारा पितळी पुतळा. नव्हतं ते फक्त एखादं चित्र. चित्रकार उभे करायचे ते उजव्या हाताचे खेळाडू. आत्या दरवर्षी या बाजारात यायची आणि दरवर्षी पितळेचं काहीतरी घेऊन परतायची.

आणि आज हे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, हातभर रुंदीचं जुनं चित्र. मधोमध लांब कोट घातलेला दाढीवाला माणूस फटका मारायच्या तयारीत. मुठीत डावा हात खाली, उजवा वर. म्हणजे चक्क डावखुरा. बाजूला दोन टोपीवाले बघत उभे. आणि दाढीवाल्याच्या बुटाशी, कर्नलांच्या दुर्दैवाने, एक केसाळ कुत्रं.

"शंकासुरा, भिंग घे आणि कामाला लाग," आत्या म्हणाली.

शंकासूर म्हणजे भाची. यंदाच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेली, दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचणारी. तिला आज आणलं होतं ते एवढ्याचसाठी. चित्र खरंच पत्र्यावरून छापलेलं आहे, की कुणीतरी अलीकडे फोटो काढून त्याची नक्कल विकायला ठेवली आहे? आत्याने चौकट छातीशी तिरकी धरली आणि भाचीने भिंग लावलं.

ठिपके नव्हते. नक्कल असती तर रेषांच्या जागी ठिपक्यांची रांगोळी दिसली असती. रेषा सलग होत्या, शाई कागदावर किंचित उचललेली, आणि चित्राभोवती पत्र्याची कड दाबली गेल्याचा खोलगट चौकोन स्पष्ट.

"अस्सल आहे," ती म्हणाली.

"मी कधी नाही म्हटलं?" टेबलापलीकडून विक्रेता दुखावल्या सुरात म्हणाला.

आत्याचा चेहरा असा उजळला की भाचीला वाटलं, आता भिंग खिशात टाकावं. पण हातात भिंग असताना बघणं थांबवणं तिला जमत नसे. ती दाढीवाल्याच्या कोटावर गेली. सुंदर कोरला होता, कापडाची वीणसुद्धा दिसत होती. मग बटणं दिसली, आणि तिची बोटं आपोआप स्वतःच्या सदऱ्याकडे गेली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलामुलींसाठी सरसकट पुरुषी कोट आणले होते. तीन वर्षं रोज सकाळी तिची बोटं चुकीच्या बाजूला बटणं शोधत. पुरुषांची बटणं उजव्या अंगाला, हे तिच्या बोटांना पाठ होतं. आणि या दाढीवाल्याची होती डाव्या अंगाला.

शिंप्याची लहर असेल, तिने स्वतःला समजावलं. पहिल्या टोपीवाल्याकडे गेली. डाव्या अंगाला. दुसऱ्याकडे गेली. तोही तसाच. तीन पुरुष, तिघांनी बायकांचे कोट घातलेत, असं मानण्यापेक्षा सोपं उत्तर एकच होतं. रबरी शिक्क्यासारखंच पत्र्याचंही असतं. त्याच्यावर जे उजवीकडे, ते कागदावर डावीकडे उमटतं. जाणता माणूस म्हणून आधीच उलटं कोरतो. हा पठ्ठ्या समोर दिसलं तसं कोरून मोकळा झाला होता. दाढीवाला डावखुरा नव्हताच. चारचौघांसारखा उजवा माणूस, आरशात पाहिलेला.

"काय गं, काय दिसलं?"

"काही नाही."

"तू 'काही नाही' म्हणालीस की नक्की काहीतरी असतं."

भाचीने कर्नलांकडे पाहिलं. ते शेजारच्या टेबलावरचा अॅशट्रे इतक्या मन लावून बघत होते की कान ताणलेले लपत नव्हते. सांगितलं तर आत्या चित्र खाली ठेवणार, आणि ते कर्नलांचं होणार. नाही सांगितलं तर ते त्या भिंतीवर जाणार, आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला 'हा बघा डावखुरा' म्हणून दाखवणार, आणि कधीतरी एखादा शिंपी चष्मा करायला येणार.

"आत्या, जरा बाजूला येतेस?"

"कशी येऊ? चित्र घेऊन टेबल सोडलं तर विक्रेता आधी पैसे मागेल. बोल इथेच."

मग भाचीने सांगितलं. हळू आवाजात, पण सगळं: बटणं, कोट, शिक्का, आरसा. आपला आवाज तोंडी परीक्षेसारखा येतोय हे तिला कळत होतं, पण दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता.

 आत्याने स्वतः भिंग घेतलं, तिन्ही कोट पाहिले. एरवी दुकानात गिऱ्हाइकाला 'नंबर वाढलाय' हे ती ज्या सुरात सांगायची, त्याच सुरात म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

"सॉरी, आत्या."

"तू कशाला सॉरी? तू थोडंच छापलंयस?"

चौकट खाली यायला लागली. कर्नलांनी अॅशट्रे ठेवला.

"बाई, घाई नाही," ते अगदी मऊपणे म्हणाले. "पण खरं सांगायचं, तर कुत्रं डावखुरं असो की उजवं, मला चालेल."

चौकटीची खालची कड टेबलाला टेकायला बोटभर अंतर उरलं आणि तिथेच थांबली.

"शंकासुरा," आत्या म्हणाली, "म्हणजे चित्रातलं सगळंच उलटं?"

"हो."

"सगळं म्हणजे सगळं? कोपऱ्यातलंसुद्धा?"

"आत्या, उलटं छापताना कोपरे वगळता येत नाहीत."

"मग त्या टेकाडावर बघ."

लांब, वरच्या कोपऱ्यात, टेकाडावर दोन माणसं होती. मुंगीपेक्षा जरा मोठी. भाचीच्या नजरेने ती झुडपं म्हणून सोडून दिली होती. तिने भिंग लावलं. एकाच्या हातात स्टिक होती. तोंड आपल्याकडे की पाठ, हे आधी ठरवायला हवं. नाकाचा टोकदार ठिपका दिसला, म्हणजे तोंडच. मग मूठ. खाली उजवा हात.

"हा तर उजवा..." ती म्हणाली आणि थांबली. "कागदावर उजवा."

"म्हणजे मैदानावर?"

"डावखुरा!" भाची इतक्या जोरात ओरडली की डबेवाला आणि चेंडूवाला दोघांनीही एकदम माना वळवल्या. पण लगेच तिच्यातला शंकासूर जागा झाला. "पण थांब. एवढीशी आकृती. कोरणाऱ्याचा हात चुकला असेल."

"हात चुकला असता तर तो दुसरा असा उभा राहिला नसता." आत्याचं बोट काचेवर टेकलं. "बघ कसा दचकून मागे झुकलाय. सवयीने नेहमीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि याची स्टिक आली कानाजवळून. माझ्याबरोबर खेळलेला प्रत्येक जण एकदा तरी असाच झुकलाय. हे मनाने नाही सुचत कुणाला. कोरणाऱ्याने हे बघितलंय."

भाचीने पुन्हा भिंग लावलं. त्या मुंगीएवढ्या माणसाचा एक पाय खरोखरच हवेत होता. तिने आणखी एक शंका शोधून पाहिली. सापडली नाही.

चौकट पुन्हा आत्याच्या छातीशी गेली होती.

"म्हणजे," कर्नल म्हणाले, "त्या किड्यासाठी तुम्ही माझं कुत्रं घेऊन चाललात?"

"दुकानात या की बघायला. कुत्र्याला भेटा, डोळेही तपासून घ्या. पार्किंगची पाटी दिसत नसेल तुम्हाला."

कर्नलांनी मिशी चावली, पण हसलेच. "चित्र खुर्चीच्या समोर लावा. मला लांबचं दिसतं."

विक्रेत्याने चित्र बांधायला मागितलं, तर आत्या ते सोडेना. शेवटी तिने धरून ठेवलं आणि त्याने तिच्या हातांसकट कागद गुंडाळला, मग हात तेवढे बाहेर काढले.

गाडीत चित्र मागच्या सीटवर, पट्टा लावून बसलं. भाचीने गाडी सुरू केली आणि तिला राहवलं नाही.

"पण आत्या, लोक त्या दाढीवाल्याकडेच बघणार. टेकाडावरचा कुणाला दिसणार?"

"सांगणार नाही मी कुणाला. खुर्चीत बसवून विचारणार, यात डावखुरा कोण?" आत्याने आरसा स्वतःकडे वळवून मागचं चित्र एकदा बघून घेतलं. "जो दाढीवाला म्हणेल, त्याला नवा चष्मा."