तिसरी चौकट

"ही तिसरी चौकट कोणासाठी आखली?"

नत्थू पेंटर शिडीवर होता. त्यानं खाली पाहिलं नाही. गेरूत बुडवलेला दोरा ताणून त्यानं भिंतीवर फटकन सोडला आणि उमटलेली रेघ डोळ्यानं तपासली.

"माह्या पोरासाठी," तो म्हणाला.

खाली उन्मेष साहेब उभे होते. काटोल रोडला कारखानदारांची एक वसाहत आहे. तिनं स्वतःचं अग्निशमन केंद्र ठेवलंय: दोन बंब, अकरा माणसं आणि त्यांच्या डोक्यावर हे साहेब. फेब्रुवारीत फोमच्या गाद्यांचं गोदाम पेटलं, वरचे पत्रे कोसळले आणि आत गेलेले तिघं आतच राहिले. रुपराव, अमोल आणि नत्थूचा संघपाल. आता चौदा एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनाला, केंद्राच्या भिंतीवर शहिदांची चित्रं उघडायची होती. काम साहेबांनी नत्थूलाच दिलं. दुःखात हात चालता असावा, असं वर समजावलंही. नत्थूनं मुकाट मान डोलावली होती. त्याला ओळखणारा कुणी तिथं असता तर तेव्हाच घाबरला असता. पण साहेब नवे.

कारण नत्थू पेंटर म्हणजे साधी असामी नव्हे. इतवारीत भांड्याच्या एका दुकानावर त्यानं पाण्याचा पितळी गुंड, मोठी घागर, रंगवला होता, तर एका गवळ्यानं त्यात दोन लिटर दूध ओतलं आणि वर दुकानदाराशी भांडला, गुंड गळका म्हणून. मेलेल्या माणसाचा चेहरा तर असा काढायचा की घरचे सवयीनं चहा पुढे करत. अख्ख्या महाल भागात हे ठाऊक आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारावं. दुकान आता मोबाइलचं झालंय, तो भाग वेगळा.

"काका, दोनच काढा," साहेब म्हणाले. "यादीत दोनच नावं आहेत."

"मेले तीन."

"मलाही वाईट वाटतं. पण त्या दिवशी संघपाल गाडीवर होता, असं कागदावर कुठंच नाही."

"कागद दाखवा."

साहेबांनी हजेरीचं रजिस्टर मागवलं. नत्थू शिडीवरून उतरला, हात पुसले, आणि बोट ठेवून वाचलं. गाडीवर चौघं: ताराचंद ड्रायव्हर, रुपराव, अमोल, मनोहरराव.

मनोहरराव त्या दिवशी काटोलला साळ्याच्या घरी होते. कायम नोकरीतला माणूस असा गावाला गेला की बदलीवाला त्याच्या नावावर गाडीवर चढायचा. हजेरी त्याच्या नावाची, बूट त्याचे, कोटही त्याचाच. संघपाल आठ वर्षं असा दुसऱ्यांच्या नावांनी आगीत जात होता. आगीची त्याला हरकत नव्हती. ऑफिसचीही नव्हती, तो मरेपर्यंत. गोदामातून त्याला बाहेर काढलं तेव्हा कोटाच्या छातीवर 'मनोहर' लिहिलेलं. म्हणून पहिला फोन गेला तो काटोलला मनोहररावांच्या साळ्याकडे, ते गेले म्हणून सांगायला. आणि तो उचलला मनोहररावांनीच.

"म्हणजे गाडीवर चार गेले," नत्थू म्हणाला. "ताराचंद बाहेर पंपावर होता, तो वापस आला. मंग मेले किती?"

"काका, मनोहरराव जिवंत आहेत."

"कागदावर?"

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "दोनच काढा," ते म्हणाले, आणि दोन दिवसांच्या मीटिंगला मुंबईला निघून गेले.

नत्थूनं पहिल्या दिवशी रुपराव आणि अमोल काढले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिसऱ्या चौकटीपुढे शिडी लावली. दुपारी त्याची बायको प्रेमिला डबा घेऊन आली आणि तिच्या हातातून डब्याचं झाकण पडलं.

"हे काय करून राहिले तुम्ही? हा तं मनोहर हाय."

"मंग?"

"जित्या माणसाले भित्तीवर चढवलं?"

"त्याईच्या रजिस्टरमध्ये तो गाडीवर गेला अन् वापस नाई आला. मी काय खोटं काढून राहिलो का वं?"

"आपल्या पोराचं काढा ना."

"काढतो. पहिले याले मरू दे."

प्रेमिला पायरीवर बसली. तिनं पोळी मोडून त्याच्या हातात दिली. त्यानं ती न बघता खाल्ली. खाली त्यानं अक्षरं काढली: शहीद मनोहरराव. अशी ठसठशीत, की रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधून वाचता यावीत. बसमधून ती वाचलीही गेली. काटोलच्या बसस्टँडवर बातमी पोचली तेव्हा मनोहरराव इकडे आपल्या घरी सोप्यावर पडून होते. फेब्रुवारीपासून ते आजारपणाच्या रजेवरच. त्यांच्या बायकोला, गोपिकाबाईंना, सांत्वनाचे सतरा फोन आले. साळ्यानं तेरवी कधीची तेवढं विचारलं. एका दूरच्या चुलत्यानं तर मोटरसायकलवर मागं एक नातू आणि पुढे केळीचा घड घेऊन दारात येऊन हंबरडा फोडला, आणि दार मनोहररावांनी उघडल्यावर आधी घड त्यांच्याच हातात दिला.

तेरा तारखेला साहेब परतले आणि भिंत पाहून त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"हे पुसा. आत्ता."

"पुसतो," नत्थू म्हणाला. "तुम्ही लिहून द्या. मनोहरराव गाडीवर नव्हता. त्याच्या जागी नत्थूचा पोरगा संघपाल होता. तुमची सही, तुमचा शिक्का."

"धमकी देता मला?"

"माह्यापाशी काय हाय गा धमकी द्याले? बुरूस हाय. पोरगा होता, तो तुम्ही बिननावाचा जाळला."

साहेबांनी चुना मारणाऱ्याला फोन लावला. तेवढ्यात फाटकातून मनोहरराव आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. ते सरळ भिंतीपाशी गेले आणि स्वतःसमोर उभे राहिले.

"मिशी जाड काढली," ते म्हणाले.

"मेल्यावर देतो थोडी छाटून," नत्थू म्हणाला. हसला मात्र नाही.

"मनोहरराव, तुम्ही घरी जा," साहेब घाईनं म्हणाले. "खोटी हजेरी बाहेर आली तर सस्पेंड व्हाल. नोकरी राहणार नाही."

"कोणाले सस्पेंड करता साहेब? मी तं मेलो." मनोहररावांचा आवाज फाटला. "आठ हप्ते झाले, मले कोणी विचारलं नाई का बावा तू कुठं होता. रजिस्टर तुमचं, तुम्हाले ठाऊक. सारेच गुपचूप. द्या कागद."

साहेबांनी दिला नाही. मनोहररावांनी कार्यक्रमासाठी मांडलेल्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्यानंच लिहिलं: मी गाडीवर नव्हतो. माझ्या नावावर संघपाल होता. असं दर वेळी चालायचं आणि सगळ्यांना माहीत होतं. सही करून त्यांनी तो साहेबांच्या हातात कोंबला. ताराचंद ड्रायव्हर बंब पुसत होता. तो आला, आणि कुणी न सांगता त्याखाली आपली सही ठोकून गेला. त्याच्या मागं आणखी चौघं आले. साहेब खुर्चीत बसले. चुना मारणारा आला, तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नाही. तो चहा पिऊन गेला.

मनोहररावांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि शिडीवर चढून स्वतःचा चेहरा पुसला. कपाळ, डोळे, मिशी. रंग त्यांच्या कोपरापर्यंत ओघळला. मग नावाची अक्षरं पुसली. नत्थू पत्र्याचा तुकडा घेऊन चित्रातला कोट खरवडायला पुढे झाला.

"कोट राहू द्या नत्थूभाऊ. हाच होता त्याच्या आंगात."

नत्थूचा हात थांबला. "तू काटोलले होता," तो म्हणाला. "हे मी मरेपर्यंत इसरणार नाई."

"नका इसरू."

"उतर आता खाली."

त्या दुपारी नत्थू रिकाम्या चेहऱ्यापुढे बसून राहिला. ज्याच्या रंगवलेल्या गुंडात लोक दूध ओतायचे, त्याच्या हाताला पोराचं नाक सापडेना. तीन वेळा काढलं, तीन वेळा पुसलं. संध्याकाळी प्रेमिलानं त्याला हाताला धरून घरी नेलं. सकाळी फटफटताना तो परत आला, आणि वस्तीत जयंतीचे निळे झेंडे लागत होते तोवर इकडे डोळे झाले होते, ओठ झाले होते, नाकही सापडलं होतं. जयंतीचं काम त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच सोडलं होतं.

पाहुणे नऊला आले. त्यांना पुढे आणखी दोन कार्यक्रम होते. भाषणात छापील दोन नावं वाचली गेली. पडदा सरकला. रुपरावांच्या बायकोचा हुंदका ऐकू आला. पाहुण्यांनी तबकातला हार घेऊन रुपरावांना घातला, दुसरा अमोलला घातला आणि तिसऱ्यासाठी हात मागं नेला, तर तबक रिकामं.

साहेबांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी पाहुण्यांच्या स्वागताचा, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला हार उचलला आणि लगबगीनं पुढे आले.

प्रेमिला मधे येऊन उभी राहिली.

"राहू द्या साहेब," ती म्हणाली. "ओला हाय अजून."

आणि ती तिथंच राहिली, लोकांकडे तोंड करून, भिंतीपासून वीतभर अंतर राखून.