दीड ताऱ्याचा नवरा

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. ठाण्याच्या कोपरीत नामाच्या घरी कपाटावर क्रोशाचं फडकं पांघरून बसलेला असतो ना, तोच. आजवर दुसऱ्यांची गाणी, भांडणं आणि खोकले मुकाट्याने ऐकवत आलो. आज माझंही थोडं ऐका.

माझा जन्म जपानचा. तिथलं फार आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात शेवटचा स्क्रू पिळला आणि मला खोक्यात निजवलं, एवढंच. पुढे दुबईतल्या एका दुकानात काचेमागे उभा होतो. १९८३ साली नामाचा मामा मला छातीशी धरून कोपरीत घेऊन आला. सगळी आळी बघायला जमली. नामाची आई आवडाबाई नुकतीच मासळीबाजारातून आलेली. तिने तशाच हातांनी मला हळदकुंकू लावलं. बोंबलाचा तो वास माझ्या जाळीतून पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

नामाच्या बापजाद्यांनी खाडीत जाळं टाकलं. नामाने गळ्यात गिटार टाकली. परदेशी रॉकच्या कॅसेटी कुठून कुठून आणायचा, एकेक तुकडा मागे घेऊन घेऊन ऐकायचा आणि तसाच वाजवायला बघायचा. माझं रिवाइंडचं बटण पहिल्या दोन वर्षांत इतकं गुळगुळीत झालं की त्यावरची खूणच पुसली गेली.

त्याचे दोन जोडीदार होते. मोरू शेजारच्या आळीतला. तो ड्रम वाजवायचा. ड्रम नसले तर पिंप, पाट, दार, काहीही वाजवायचा. दुसरा डोंबिवलीचा महिपत, बेस गिटारवाला. हा हळू बोलायचा, शुद्ध बोलायचा आणि चहातली माशीसुद्धा 'क्षमस्व' म्हणून बाहेर काढायचा. तिघांनी बँड काढला, 'ब्लॅक क्रॅब्ज'. कोपरीने त्याचं तत्काळ 'चिंबोरी पार्टी' करून टाकलं.

आळीत वाजवायला बंदी झाली म्हणून ते विठ्ठलवाडीला महिपतच्या काकांच्या गोदामात सराव करायचे. मलाही घेऊन जायचे, रेकॉर्डिंगसाठी. खरं सांगतो, सुरुवातीला माझे कान दुखायचे. पण हळूहळू काहीतरी जमत गेलं. महिपतचा बेस खालून धिम्या पावलांनी यायचा, मोरू त्याला धरून राहायचा आणि नामाचा आवाज त्या दोघांच्या खांद्यावर उभा राहून लांबवर बघायचा. कल्याणच्या कॉलेजात वाजवलं तेव्हा पोरं बाकांवर चढून नाचली. पहिल्या रांगेतली एक मुलगी मात्र हाताची घडी घालून, डोळे मिटून नुसती ऐकत होती. ती बाळकुमची मंजुळा. पुढे नामाने तिच्याशीच लग्न केलं. आपल्या गाण्यावर भाळली, असं तो कितीतरी वर्षं समजत होता. ती तपासत होती, हे त्याला फार उशिरा कळलं.

बँड मोडला १९८७ साली, डोंबिवलीच्या एका कार्यक्रमात. पडदा वर गेला आणि मागचा बॅनर सगळ्यांना दिसला. पेंटरने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नामा आणि चिंबोऱ्या'. पेंटरला हे सांगितलं कुणी, ते वेगळं सांगायला नको.

मोरूने बॅनर वाचला, ड्रमच्या काठ्या नामाच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "घे, हे पण तूच वाजव."

महिपत माइकजवळ जाऊन "क्षमस्व" म्हणाला आणि तोही उतरला.

त्यानंतर पाच-सहा वर्षं तिघं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. नामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागला. लग्न झालं. मंजुळा सकाळच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी घरी आली की माझ्यासमोर बसायची. घरात नीट ऐकणारं माणूस आलं, याचा मला काय आनंद! ती गाणं लावायची, थांबवायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "इथे घाई केली, बघ." जणू मीच गायलोय.

मग १९९३ उजाडलं. गणपतीच्या दिवसांत मोरूने स्वतःची कॅसेट काढली, 'ठोक मोरू ठोक'. हळदीची गाणी, पण प्रत्येक गाण्यात मध्येच नवरानवरी बाजूला राहायचे आणि ड्रमच वाजत सुटायचे. मोरूची कॅसेट आली म्हटल्यावर महिपतला राहवेना. दिवाळीत त्याची 'अंतरंग' आली. ती हळुवार गाणी इतकी हळुवार होती की आवाज पुरता वाढवला तरी मलाच संशय यायचा, मी चालू आहे की बंद?

आता नामा कसा मागे राहील? डोंबिवलीच्या एका छोट्या स्टुडिओत जाऊन त्याने गिटार वाजवली, सिंथेसायझर वाजवला, मागचा कोरसही स्वतःच गायला. कॅसेटचं नाव 'फक्त नामा'. वेष्टणावर त्याचे चार फोटो, चारही बाजूंनी.

"अॅड द्यायला पाहिजे," तो मंजुळाला म्हणाला. "ते साप्ताहिक आहे ना ठाण्यातलं, सगळी कोपरी वाचते. तू जाऊन ये. मला ड्यूटी आहे."

मंजुळा गेली. परत आली ती कानाच्या पाळ्या लाल करून. सासूला सांगितलं ते मी ऐकलं. जाहिरात घेता घेता संपादकांनी सहज विचारलं होतं, "तुम्ही ऐकली असेलच. कशी आहे?" आणि या बाईने अर्धा तास खरं सांगितलं. संपादकांनी जाहिरात बाजूला ठेवली. म्हणाले, "बाई, हेच लिहून द्या. टोपणनावाने द्या हवं तर."

"मग आता?" आवडाबाईने विचारलं.

"फक्त ह्यांच्यावर लिहिणं बरं नाही, आई. तिघांवर लिहीन. न्यायाने. पाचपैकी तारे देईन."

अशा रीतीने 'कानसेन' नावाचा एक निर्दय समीक्षक ठाण्यात जन्माला आला, आणि त्याचं बाळंतपण माझ्यासमोर झालं.

रोज दुपारी बैठक बसायची. मंजुळा माझ्यासमोर, आवडाबाई मिश्री लावत दाराशी. मोरूची कॅसेट लागली की आवडाबाई कपाळाला हात लावायची. "ह्याला कोनतरी सांगा गो, लगीन लावाचा हाय, घर पाराचा नाय." महिपतच्या दुसऱ्या गाण्यावर तिला झोप लागायची. नामाची लागली की मात्र पोरगा म्हणून सावरून बसायची आणि शेवटी पुटपुटायची, "आवाज बरा हाय माज्या नामाचा. पन ह्यो दुसऱ्याला बोलूच देत नाय."

तीन आठवड्यांत तीन लेख आले. मोरूला अडीच तारे : 'ही कॅसेट हळदीला लावावी, पण आजारी माणसाच्या घरावरून वरात जात असल्यास लावू नये.' महिपतला दोन : 'गायक स्वतःच्या कानात गातो; श्रोत्याला तिथे जागा नाही.' आणि तिसऱ्या आठवड्यात नामाला दीड : '“फक्त नामा” ऐकून संपेपर्यंत खोलीत खरोखरच फक्त नामा उरतो.'

त्या दिवशी नामा घरात आला तो साप्ताहिकाची गुंडाळी करून, लाटण्यासारखी धरून.

"कोण आहे हा कानसेन? हाडं मोडतो त्याची! मंजू, वाचलंस तू हे?"

"वाचलं," मंजुळा म्हणाली. कोलंबी सोलत होती, मान वर केली नाही.

"दीड! शाळेत नापासाला पण एवढे मिळतात. नक्की महिपत असणार. शुद्ध लिहिलंय बघ."

तिकडे मोरूला वाटलं, हा नामाच, आणि शुद्धलेखन महिपतचं. महिपतला वाटलं, दोघे मिळून. मोरू तणतणत महिपतकडे गेला, तिथे एकमेकांची गचांडी धरता धरता दोघांच्या लक्षात आलं की मार तर सगळ्यांनाच पडलाय. मग एका रविवारी दोघे चक्क नामाच्या दारात. इतक्या वर्षांनी! आवडाबाईने काही न विचारता तीन ताटं मांडली.

जेवणं झाली आणि कानसेनवर खटला सुरू झाला. हा माणूस गाढव आहे हे सिद्ध करायचं म्हणून तिघांच्या कॅसेटी एकामागून एक माझ्या पोटात जाणार होत्या. पहिली मोरूची. सगळे गंभीर. थोड्या वेळाने नामा म्हणाला, "मोऱ्या, दोस्त म्हणून बोलतो. हे जरा जास्त झालंय."

"जास्त? मग तुझी लाव," मोरू म्हणाला. नामाची लावली. मोरू ऐकत राहिला, ऐकत राहिला. "नाम्या, तू श्वास कधी घेतोस रे? मला इथे बसून धाप लागली."

"कानसेन तसा अगदीच चूक नाही," महिपत हळूच बोलला. "म्हणजे तुमच्या दोघांच्या बाबतीत."

"आणि तुझ्या?" नामा उसळला. "तुझं एकच गाणं बरं आहे, ते तिसरं."

"तिसरं कुठलं!" आतून खणखणीत आवाज आला. "पाचवं! तिसऱ्यात तो दुसऱ्या कडव्याला सूर सोडतो, आणि ते झाकायला व्हायोलिन घातलंय!"

बोलून गेली बाई. ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. माझ्यात कॅसेट फिरत होती, नामा माझ्यातून मोठमोठ्याने स्वतःचाच कोरस गात होता. खऱ्या नामाचं तोंड मात्र उघडंच राहिलं होतं.

महिपत तिच्याकडे बघत राहिला. "व्हायोलिनचं कुणालाच कळलं नव्हतं," तो म्हणाला. "स्टुडिओवाल्यालासुद्धा नाही."

"मंजू," नामा म्हणाला, "तू?"

"हो."

"नवऱ्याला दीड?"

"एकच देत होती," आवडाबाई मध्ये पडली. "अर्धा मी वारवाला लावला."

मोरू हसायला लागला. हसता हसता त्याचं नामाच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्याने हसू आवरलं. नामाने मला बंद केलं, चपला घातल्या आणि खाडीच्या बाजूला निघून गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. माझ्यावरचं फडकं कुणी काढलं नाही. नामा जेवायचा, कामावर जायचा, झोपायचा. मंजुळा दोनतीनदा माझ्यासमोर येऊन बसली, बटणावर बोट ठेवलं आणि उठून गेली. तिने तारे मोजून मापून दिले होते. त्यामागच्या माणसाचं काय होईल हे तिला मोजता आलं नव्हतं.

एका संध्याकाळी नामा तिच्यासमोर येऊन बसला.

"घरात का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. कॅसेट निघायच्या आधी. तू म्हणालास, 'मस्त आहे ना?' आणि माझं उत्तर यायच्या आत पुढचं गाणं लावलंस."

नामा म्हणाला, "ठीक. पण नाव लपवून मारलंस, मंजू. ते नाही आवडलं. मी हाडं मोडतो म्हणत होतो, आणि तू समोर कोलंबी सोलत होतीस."

"ते चुकलं माझं," मंजुळा म्हणाली. "पुढचा लेख माझ्या नावाने."

"आणि तारे?"

"दीडच."

मला वाटलं, आता पुन्हा चपला. पण नामाने माझ्यावरचं फडकं काढलं, 'फक्त नामा' घातली आणि म्हणाला, "कुठे चुकतं ते दाखव."

तिने दाखवलं. एकेक जागा. पहिल्यांदा तो वाद घालत होता, मग नुसता ऐकायला लागला. शेवटी ती म्हणाली, "गोदामात गायचास तेव्हा महिपतचा बेस खालून यायची वाट बघायचास. इथे वाट बघायला कुणी नाहीच. म्हणून धावतोयस."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. नामा मला काखोटीला मारून विठ्ठलवाडीला गेला. मोरू आणि महिपत आधीच येऊन बसले होते; बोलावणं कुणी धाडलं ते मला माहीत आहे, पण आवडाबाईने सांगू नकोस म्हटलंय. नामाने बॅनरचा विषय काढला. "तेव्हा मी माती खाल्लेली," म्हणाला. मोरूने उत्तरादाखल ड्रमवर एक जोरदार रोल वाजवला, आणि महिपतने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

ते पुढे मोठे झाले, असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या हळदींना आणि गणपतीला वाजवत राहिले. दोघेतिघे बरे म्हणायचे, बाकीचे जेवायचे. पण मोरूच्या बहिणीच्या हळदीत, कोपरीतच, त्यांनी हळदीचं एक जुनं गाणं रॉकच्या ठेक्यावर घेतलं तेव्हा नवरीच उठून नाचायला लागली, आणि मंजुळा भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. या खेपेला तिचे डोळे उघडे होते.

त्या गाण्याचं रेकॉर्डिंग मीच केलं. मंजुळाने साप्ताहिकात स्वतःच्या नावाने तीन तारे दिले. मोरूने ते पान लॅमिनेट करून ड्रमला चिकटवलं. नामाचा आग्रह होता सव्वातीनचा. अजून आहे.

आता शतक सरत आलंय. आवडाबाई थकलीय, तरी मत द्यायला टवटवीत. घरात चपटा, चकचकीत सीडी प्लेयर आलाय. गुणी आहे बिचारा, पण त्याला रेकॉर्ड करता येत नाही. तो नुसतं ऐकवतो, ऐकून घेत नाही. माझा पट्टा सैल झालाय, एका बाजूचा स्पीकर सर्दी झाल्यासारखा बोलतो. कल्याणचा मेकॅनिक म्हणाला, "ताई, भंगारात टाका." मंजुळाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने नवा पट्टा शोधायला घेतला.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद माळ्यावर पडला असेल तर त्याला खाली काढा, धूळ पुसा, काहीतरी लावा. आणि तुमच्या घरात कुणी गात असेल तर त्याला खरं सांगा; पण गाणं पूर्ण होऊ द्या, आणि सांगताना समोर बसा.

बरं, आता पुरे. नामा गिटार घेऊन आलाय, नवीन चाल सुचलीय म्हणे. मंजुळाही खुर्ची ओढून बसली. त्याचं बोट लाल बटणावर आहे, आणि रेकॉर्डिंग चालू असताना मध्ये कुणी खरखरलेलं तिला अजिबात खपत नाही.