काळ्या हेडफोनची खुंटी

त्यांनी ड्रिल भिंतीवरच्या पेन्सिलच्या फुलीवर टेकवलं, एक डोळा मिटला आणि बटण दाबलं. कपाटातल्या बशा किणकिणल्या. फुलीच्या जागी भोक पडायचं ते पडलंच. पण त्याच्याभोवतीचा पंज्याएवढा गिलावाही सुटला आणि तिनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर येऊन फुटला.

"पडला," ते म्हणाले.

"दिसलं. डोळे शाबूत आहेत माझे."

"जुनं प्लास्टर. आतून पोकळ झालंय."

"मग त्याला डिवचायचं कशाला? अहो, उद्या सकाळी माणसं घर बघायला येणार आहेत. काय दाखवू त्यांना? ही भोकं?"

यावर त्यांनी गळ्यात लोंबणारा काळा हेडफोन कानांवर चढवला आणि ते पुढच्या फुलीकडे वळले. झालं, संपलं. काळा हेडफोन एकदा कानांवर चढला की त्या माणसाशी बोलणं आणि कपाटाशी बोलणं सारखंच. त्याची वायर शर्टाच्या खिशात जायची, खिशात काहीतरी वाजत असायचं, आणि ते पाय हलवत बसायचे. जावयानं ते निवृत्त झाले तेव्हा कौतुकानं दिलेली ती भेट. जावई चांगला होता, पण या एका गोष्टीबद्दल तिनं त्याला मनातून अजून माफ केलं नव्हतं.

"ते टोक जरा वर," ते ओरडले. कान झाकलेला माणूस ओरडतो तसे.

तिनं फळी खांद्यानं वर रेटली. ही फळी म्हणजे लेकीच्या लहानपणच्या पलंगाची उशाकडची बाजू. पलंग मोडीत काढला तेव्हा "कधीतरी लागेल" म्हणून त्यांनी ती कपाटामागे सरकवून ठेवली होती. ते कधीतरी नेमकं घर दाखवायच्या आदल्या दिवशी उजाडलं होतं.

हेडफोन जमवण्याचं त्यांचं खूळ लग्नाइतकंच जुनं. भंगारवाल्याकडून, बंद पडलेल्या दुकानांमधून, मित्रांच्या माळ्यांवरून ते एकेक घेऊन यायचे. टेलिफोन एक्स्चेंजमधला एकाच कानाचा, कोणीतरी विमानातून उचलून आणलेला, कॅसेटच्या काळातले नारिंगी स्पंजचे, आणि एक तर इतका जड, की तो घालून मान ताठ ठेवणं हाच व्यायाम. निम्म्यांतून आवाजच येत नव्हता. सगळे बुटांच्या खोक्यांत, पलंगाखाली. "एकदा भिंतीवर नीट लावायचेत," हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्याचा अर्थच उरला नव्हता. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. त्यामुळे नकाशे मात्र झाले. समोरून, बाजूनं, मापांसकट. दरवेळी नकाशा झाला की काम झाल्यासारखे ते सुस्कारा टाकायचे आणि कागद गुंडाळून ठेवायचे.

आणि आता, गेले तीन आठवडे, घरात पॉलिशचा वास. सगळीकडे लाकडाचा भुसा. काल तर तिला चहातही लागला होता.

स्क्रू आवळून झाले. फळी भिंतीला बसली. त्यांनी पिशवीतून खुंट्या काढल्या. गोल, गुळगुळीत, वीतभरापेक्षा आखूड. हेडफोनचा वरचा पट्टा दबू नये म्हणून जाडसर. त्यातल्या दोन-तीन जुन्या, काळपटलेल्या. तिनं त्यांतली एक हातात घेतली, फिरवून पाहिली आणि नाकाशी नेली.

"हे माझं लाटणं आहे."

ते खुंटी बसवत होते.

"अहो! हे माझं लाटणं आहे!" तिनं त्यांचा एक कान उचलून त्यात सांगितलं.

"जुनं होतं ते."

"जुनी तर मीही आहे. मलाही कापून भिंतीला लावा."

"दोन होती. एक ठेवलंय."

"उपकार झाले."

त्यांनी तो कान पुन्हा जागेवर बसवला.

तिला रडू यावं की हसू, ते कळेना. यांचं हे असंच. डोक्यात काय येईल आणि कधी येईल, याला काही धरबंधच नाही. दोन वर्षांपूर्वी अशीच अचानक मिशी राखली होती. कारण नाही, काही नाही. ओठावर दात घासायचा ब्रश आडवा चिकटवल्यासारखी ती मिशी घेऊन महिनाभर हिंडले आणि एके दिवशी काढून टाकली. मागे एकदा ती भाजी घेऊन आली तर न्हाणीघरात दाराशेजारी धरायला लोखंडी दांडा लावलेला. विचारलं, तर म्हणे, "पाइपचा तुकडा पडून होता." बोलून दाखवलेलं एक काम कधी वेळेवर झालं नाही, आणि न सांगितलेली ही असली कामं कुठून उगवत, देव जाणे.

आता ही भिंत. बैठकीच्या खोलीतली ही सगळ्यात चांगली भिंत, खिडकीसमोरची. ते इथे राहायला आले तेव्हा भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता. पहिल्या रात्री दोघं याच भिंतीला पाठ टेकून, वर्तमानपत्र पसरून जेवली होती आणि सकाळी दोघांच्या पाठी पांढऱ्या. पुढे इथे पाळणा आला, पलंग आला, अभ्यासाचं टेबल आलं आणि एकेक करून गेलं. अंधारातही तिचा हात या घरातल्या प्रत्येक बटणावर बरोबर पडायचा.

दोन महिन्यांपूर्वी लेकीनं विषय काढला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचा गुडघा. घर विका आणि माझ्याकडे या. बोलणं खोटं नव्हतं. बाबांना विचारलं, तर बाबांनी काय म्हणावं? "तुझी आई म्हणेल तसं." हे एक वाक्य ऐकलं की तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. शाळा कोणती, रंग कोणता, पाहुण्यांना कधी बोलवायचं: तुझी आई म्हणेल तसं. म्हणजे वाईटपणा घ्यायचा तो आईनं. लेकीनं तोवर त्यांच्यासाठी खोली आवरून, पडदे लावून फोटोही पाठवला होता. निळे पडदे. आईला निळा आवडतो म्हणून. अशा पडद्यांना नाही कसं म्हणायचं? तिनं "बरं" म्हटलं.

मनातलं तिनं फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं होतं, फोनवर, एकदाच.

"कशी दिसते?" त्यांनी मागे सरून विचारलं. वीस-बावीस हेडफोन तीन रांगांत लटकत होते. सगळ्यांच्या वायरी गुंडाळून, तिच्याच डब्यातल्या शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या.

"भंगाराच्या दुकानासारखी."

ते खूश झाले. निदान तसे दिसले. मग त्यांनी काळा हेडफोन कानांवरून काढला, वायर खिशातून ओढून घेतली आणि तो खालच्या रांगेत, उजवीकडच्या शेवटच्या खुंटीवर अडकवला.

"ड्रिल देऊन येतो खाली. इलेक्ट्रिशियनला संध्याकाळी लागणार आहे."

"आणि हा राडा?"

ते जिन्यात पोचलेही होते.

तिनं कुंचा आणला. गिलाव्याचे तुकडे, भुसा, पेन्सिलीची टरफलं गोळा केली. मग ओल्या फडक्यानं फळी पुसायला घेतली. करवादत का होईना, घाण तिला बघवत नसे. बाकीच्या वायरी शहाण्यासारख्या बांधलेल्या, या काळ्याचीच तेवढी लोंबत होती. तिनं ती बोटांवर गुंडाळायला घेतली. शेवटी पिन हातात आली.

पिनेला टोपी होती. नव्या वस्तूला कारखान्यातूनच असते तशी, पारदर्शक प्लास्टिकची, नखाएवढी. पिवळट पडलेली, पण घट्ट बसलेली. ती असताना ही पिन कुठल्याच भोकात जाणं शक्य नव्हतं. तिनं नखानं टोपी सोडवली. आतली पिन आरशासारखी लखलखत होती. एक ओरखडा नाही.

ती तशीच उभी राहिली. फडक्यातलं पाणी पायावर ठिबकत होतं.

चार वर्षं. रोज संध्याकाळी समोरच्या खुर्चीत, पाय हलवत. आणि ती इथे, सोफ्याच्या या टोकाला, धाकटीशी तासतासभर फोनवर. काय काय बोलली नव्हती ती! यांच्या घोरण्याबद्दल, यांच्या बहिणीच्या तोऱ्याबद्दल, यांचं बोलणं म्हणजे दगडावर पाणी, त्याबद्दल. तिचा चेहरा कानांपर्यंत तापला. लबाड! भर दिवसा, तिच्या देखत, तिचंच ऐकत बसायचं? आणि वर ठेका धरायचा?

न्हाणीघरात पाय सरकला म्हणून ती धाकटीला सांगत होती, तेव्हाही ते इथेच होते. पाइपचा तुकडा पडून होता म्हणे.

आणि टपालखात्यातला तो. कितीतरी वर्षांपूर्वी तिला मागणी घातलेला. त्याचा विषय निघाला आणि दोघी बहिणी पोट धरून हसल्या होत्या. "काहीही म्हण," ती म्हणाली होती, "मिशी मात्र काय झोकदार होती गं त्याची!"

तिनं फडकं तोंडावर दाबलं. ओलं आहे हे लक्षातच आलं नाही.

मग हसू ओसरलं. कारण ते दुसरं बोलणंही इथेच झालं होतं, याच टोकाला, महिन्याभरापूर्वी. "मला नाही गं जायचं. इथून मला हलायचंच नाही. पण मी नाही म्हटलं तर पोरीला वाटेल, आईला आपल्याकडे यायचं नाही. यांनी एकदा, आयुष्यात एकदा, स्वतःच्या तोंडानं नाही म्हटलं असतं, तर सुटले असते मी." समोरच्या खुर्चीतला पाय तेव्हा हलत होता की थांबला होता? तिनं खूप आठवून पाहिलं. तिला सगळं आठवायचं, पण तो पाय काही आठवेना. तिनं तिकडे पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर आठवड्याभरातच घरात पॉलिशचा वास सुरू झाला होता.

फोन वाजला. लेक.

"आई, उद्या दहाला येतायत ते लोक. खोली आवरलीस ना? एजंटला फोटो हवेत, आत्ताच काढून पाठव ना."

"फोटो कसले मागतेस," ती म्हणाली आणि थांबली. जिन्यात पावलं वाजली. ते आले, चपला काढल्या, तिच्या हातातला फोन पाहिला, भिंतीकडे गेले, शेवटच्या खुंटीवरचा काळा हेडफोन उचलला आणि कानांवर चढवून खुर्चीत बसले. वायर खिशात गेली.

टोपी तिच्या मुठीत होती.

"आई? ऐकतेयस ना?"

"उद्या नको पाठवूस गं कोणाला," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी भिंतीची चाळण केलीय. मोठी थोरली फळी ठोकलीय आणि सगळे हेडफोन मांडलेत. माझं लाटणं कापून."

"काय? आत्ता? घर विकायच्या वेळी? अगं, मग काढायला सांग! भोकं बुजवून घेऊ, एक दिवसाचं काम आहे."

"काढतील असं वाटत नाही."

"म्हणजे? त्यांना यायचं नाहीये का इकडे?"

तिनं खुर्चीकडे पाहिलं. पाय हलत नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "त्यांचा जीव आहे या घरात. बोलून दाखवत नाहीत, पण मला कळतं ना. वर्षभर तरी नकोच हा विषय. तुझे पडदे सुंदरच आहेत. आम्ही येऊ राहायला, महिना-महिना येऊ."

मग लेक वैतागून म्हणाली, "कमाल आहे बाबांची. दे त्यांना फोन. मीच बोलते."

ते समोरच्या भिंतीकडे टक लावून बसले होते. पाय आता पुन्हा हलायला लागला होता, जरा जास्तच मन लावून.

"ते कानाला लावून बसलेत," ती म्हणाली. "त्यांना काय ऐकू जातंय!"

संध्याकाळी ते तोंड धुवायला गेले, तेव्हा तिनं काळा हेडफोन खुंटीवरून घेतला, पिनेवर टोपी बसवली, नीट दाबली आणि वायर होती तशी लोंबती ठेवली.

जेवण झाल्यावर ते पुन्हा खुर्चीत, पुन्हा कान झाकून. ती स्वयंपाकघरात त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. नळ बारीक सोडला होता. ताट विसळता विसळता, ताटालाच सांगावं इतक्या हळू ती म्हणाली,

"खालच्या रांगेतली शेवटची खुंटी कललीय. पाणसळ लावून तो बुडबुडा इतका वेळ काय बघत होते, कोण जाणे. माझं लाटणं वाया घालवलं ते घालवलंच, निदान सरळ तरी बसवायचं."

बाहेरच्या खोलीत काही हललं नाही. खुर्चीही वाजली नाही.

सकाळी ती चहाचं आधण ठेवून बाहेर आली, तेव्हा खुंटी सरळ होती.