लुवेनाने उतरवलेली पाटी

लुवेना स्लोन स्क्रू ड्रायव्हर घेऊन शिडीवर चढली, तेव्हा घेवडा आणि मक्याचा पाव खात उभी असलेली माणसं वर बघू लागली. दवाखान्याच्या नव्या पाटीनिमित्त जेवण होतं, आणि जिच्या नावाची पाटी, तीच ती काढायला निघाली होती.

“बाई, जरा शिडी धरा,” ती मला म्हणाली. लहानपणी मी तिला शाळेत शिकवलं होतं. मी धरली.

पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘डॉ. लुवेना स्लोन’. खरं तर लुवेना डॉक्टर नाही. ती फिजिशियन असिस्टंट आहे. शाळेतल्या मुलांनी विचारलं की मी सांगते, तिने त्याचं वेगळं शिक्षण घेतलंय, परीक्षा दिलीय, राज्याचा परवाना मिळवलाय. ती तपासते, टाके घालते, औषध लिहून देते. पण तिच्यामागे एक डॉक्टर असावाच लागतो. आवाक्याबाहेरचं काही दिसलं, की त्याला विचारायचं, नाहीतर रुग्णाला पुढे पाठवायचं. तिच्यामागचे डॉक्टर, व्हिटेकर, डोंगरापलीकडे शहरात असतात. आमच्या खाणीच्या दरीत मात्र ज्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप, तो ‘डॉक’. गुरांना तपासणारासुद्धा.

“खाली या बघू,” प्रेस्कॉट म्हणाले. दवाखाना नुकताच विकत घेतलेल्या कंपनीचे ते मॅनेजर. “डॉक्टर नाही म्हटलं की लोक दुसऱ्या गावाला जातात. पेशंट घटले तर दवाखाना बंद होईल. तुमची नोकरीही जाईल, सरळ सांगतो.”

“मीही सरळच सांगते. खोट्या पाटीखाली मी बसणार नाही.”

“अगं पोरी,” म्हातारा होबर्ट कॉम्ब्स भरल्या तोंडाने म्हणाला, “आम्ही तुला डॉकच म्हणतो ना? मग पाटीने काय बिघडलं?”

“तुमच्यासाठीच काढतेय, होबर्टकाका. हिवाळ्यात छातीत कळ आली, तेव्हा मी काय म्हटलं होतं?”

“शहरात जा म्हणालीस.”

“आणि तुम्ही कुठे गेलात?”

होबर्टने पावाचा आणखी एक तुकडा तोडला. उत्तर त्याच्या बायकोने, ओपलने दिलं. “घरी! म्हणे, एका डॉकने बघितलं, आता आणखी दुसरा कशाला? स्वयंपाकघरात कोसळले, तेव्हा कुठे ॲम्ब्युलन्समध्ये चढले.”

“ओपल!”

“का? खोटं बोलतेय मी?”

“ऐकलंत?” लुवेना वरून प्रेस्कॉटना म्हणाली. “मी कोण आहे हे ठाऊक असलं, तरच लोक माझं ‘पुढे जा’ ऐकतील.”

प्रेस्कॉट शिडीजवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, “व्हिटेकरही आमच्याच पगारावर आहेत. त्यांनी हात काढून घेतला, तर तुमचा परवाना भिंतीवर शोभेला.”

तिचा हात थांबला. त्यांचं बोलणं खरं होतं. डॉक्टर नाही, तर तिचं काम नाही, आणि दरीत दुसरं कोणी नाही.

“मग लावा त्यांना फोन,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “विचारा, माझ्या नावापुढे ‘डॉक्टर’ चालेल का. माझ्या कामाला तेच जबाबदार आहेत. या पाटीवरून चौकशी झाली, तर ती त्यांच्याही दारात येईल. लावा ना! मी वरच आहे.”

प्रेस्कॉटनी फोन हातात घेतला, तसाच खिशात ठेवला.

शेवटचा स्क्रू निघाला. लुवेना उतरली आणि पाटी त्यांच्या हातात दिली. “घ्या. कंपनीची आहे.”

“मी हे वर कळवणार आहे.”

“कळवा. काय व्हायचं ते होऊ दे. सोमवारी दवाखाना उघडा असेल.”

ते गाडीकडे निघाले. होबर्टने विचारलं, “मग आता तुला म्हणायचं तरी काय?”

“लुवेना म्हणा. आणि शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांची तारीख चुकवलीत, ती पुन्हा ठरवून घ्या.”

“गाडीची किल्ली माझ्याकडेच आहे,” ओपल म्हणाली.

लुवेनाने माझ्या हातात रंग आणि ब्रश दिला. मी दारावर लिहिलं, ‘लुवेना स्लोन, फिजिशियन असिस्टंट’. खाली लिहिलं, ‘डॉक्टर नाही’. प्रेस्कॉट गाडीत बसून बघत होते. मी त्या शेवटच्या दोन शब्दांवरून ब्रश पुन्हा एकदा जाड फिरवला.