शून्यावरची खुर्ची

"निल." डीकन लेमुएल गेदर्सने पडद्यावरचा शब्द वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "पोरी, हे यंत्र मला शिव्या तर देत नाही ना?"

"नाही डीकन. काहीच नाही, असं म्हणतंय."

"काहीच नाही कसं? दिवा लागला की, तुझ्या डोळ्यांदेखत."

दिवा लागला होता खरा. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवणाच्या लांब टेबलावर लॅपटॉप होता, आणि पडद्यावर आमचंच चर्च होतं. डीकन म्हणजे चर्चचा कारभार बघणारा सेवक; त्याने ते एका गेमच्या आत फळी फळी जोडून उभं केलं होतं. जन्मभर या माणसाने काउंटीच्या शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त केल्या. बायको, आयोला, गेल्यावर इतर विधुर गळ टाकून मासे धरत बसतात. हा माझ्या वाचनालयातल्या गेम बनवायच्या वर्गात येऊन बसला, आणि लुआ ही गेम लिहायची संगणकी भाषा शिकला.

कारण होतं. ऑगस्टात होमकमिंगचा रविवार येतो, गाव सोडून गेलेले परत येतात, आणि मदर्सच्या बाकाची हजेरी होते. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांना आम्ही मदर म्हणतो. एकेकीला नावाने हाक मारायची, ती "आहे, प्रभू" म्हणते, मग पुढची. पण आता बहुतेक जणी क्लीव्हलंड, डेट्रॉइटला मुलांकडे अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी गेममधल्या चर्चमध्ये बसायचं, हाक आली की कळ दाबायची, आणि खुर्चीवरचा दिवा लागायचा, असा डीकनचा बेत होता.

"तुमच्या फंक्शनने हाक मारली, उत्तर ऐकलं, दिवाही लावला," मी म्हटलं. "पण मिळालेलं उत्तर परत आणून दिलं नाही. 'रिटर्न' लिहायचं राहिलं. म्हणून विचारणाऱ्याच्या हाती निल."

त्याने मान डोलावली. आमचे रेव्हरंड टॉलिव्हर प्रवचन करता करता गाऊ लागतात, एक ओळ टाकतात आणि थांबतात. लोकांकडून ती ओळ परत आली, तरच ते पुढे सरतात. न आल्यास चर्च कसं ओकंबोकं होतं, हे डीकनला मी काय सांगणार? "म्हणजे आपल्या लोकांनी आमेन पोटातच ठेवल्यासारखं," तो म्हणाला आणि स्वतःच ओळ घातली.

मी प्रत्येकीच्या वतीने कळ दाबत गेले. दिवे एकामागून एक लागले. भिंतीलगतच्या खुर्चीवरचा मात्र लागला नाही.

"आयोला कुठंय?" त्याने हळूच विचारलं.

"कितव्या क्रमांकावर लिहिलंत त्यांना?"

"शून्यावर."

"शून्यावर का?"

"ती भिंतीला टेकून बसायची. बाक तिच्यापासून सुरू व्हायचा. पहिलीच्याही आधीची ती, तिला पहिली तरी कशी म्हणू?"

मी समजावलं, की लुआ एकपासून मोजते. शून्यावर काही ठेवलं तर ठेवून घेते, पण गणतीत धरत नाही. त्याचा चेहरा उतरला. मग मी म्हटलं, "मोजू नका. नुसतं विचारा, शून्यावर कोण आहे?"

त्याने एका बोटाने अक्षरं दाबली. पडद्यावर उमटलं: आयोला गेदर्स.

तो कितीतरी वेळ त्या नावाकडे पाहत राहिला. प्रार्थनेत झुकावी तशी त्याची मान झुकली होती.

"मोजत नाही," तो म्हणाला, "पण विसरतही नाही."

मग त्याने लूप, म्हणजे ओळीने एकेकीला हाक मारत जाणारा फेरा, शून्यापासून सुरू केला. मी कळ दाबली, आयोलाचा दिवा लागला, आणि त्याने खिशातून रुमाल काढला. कळ माझ्या बोटाने दाबली होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आलं शनिवारी, तालमीला. सगळ्या मदर्स आपापल्या घरून गेममधल्या जागी बसलेल्या. डीकनने हजेरी सुरू केली आणि काहीच होईना. टेबलावरच्या फोनमधून क्लीव्हलंडच्या मदर वर्बीना बोलू लागल्या. त्या पहिल्या क्रमांकाच्या.

"लेम, कळ दाबून दाबून माझं बोट झिजलं. माझी पाळी कधी रे? मेल्यावर?"

"थांबा मदर."

"थांबलेय. या वयात दुसरं करतेय काय?"

डीकन पडद्याकडे बघत होता. यंत्राने आयोलाला हाक मारली होती आणि ते तिच्या उत्तराची वाट पाहत होतं. उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं त्यानेच लिहिलं होतं.

"थोडा वेळ थांबून पुढे जा, असं लिहिता येईल," मी म्हटलं.

"आयोलाला घाई करायची?"

"मग तिच्या खुर्चीवरून तुम्हीच 'आहे' म्हणा. एका ओळीचं काम."

"जन्मभर तिच्या वतीने बोललो नाही मी. बोलायची सोयच नव्हती," तो म्हणाला. फोनमधून मदर वर्बीनांचं हसू आलं. मग यंत्र कुणासाठी अडलंय, ते त्यांना समजलं.

"लेम," त्या म्हणाल्या, आता अगदी हळू, "आयोलाची हजेरी वर लागलीय रे. ती चुकायची नाही. आम्ही अजून खालीच आहोत. आम्हाला बोलाव."

त्याने लूपमधलं शून्य पुसलं. तिथे एक लिहायला त्याला फार वेळ लागला.

रविवारी चर्च भरलं. रेव्हरंड टॉलिव्हर गात गात एकेक नाव घेत होते, डीकन त्यांच्या सुरावर लूप पुढे सोडत होता. मदर वर्बीनांचा दिवा लागला आणि सगळं चर्च उभं राहिलं. कुठून कुठून, बिछान्यांवरून, उत्तरं परत येत होती आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उजळत होती. मी ऑर्गन वाजवते. त्या दिवशी माझी बोटं कुणी दुसराच हलवत होता. भिंतीलगतचा दिवा लागला नाही. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

जेवणं उरकली. बायका भांडी विसळत होत्या. मी हॉलमध्ये आले तेव्हा डीकन एकटाच लॅपटॉपपुढे होता. त्याने लूप लावला नव्हता. फक्त शून्याला हाक मारली होती. पडद्यावर रिकामी खुर्ची होती आणि यंत्र वाट पाहत होतं.

"बंद करू?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "वीज किती खाणार?"

मग तो उठला आणि खुर्च्या घडी करून भिंतीला लावू लागला.