कोरडं पान

गोदाबाईच्या लेकीला बैलगाडीतून दवाखान्यात आणलं, तेव्हा गोदाबाई दारातच उभी होती. नोकरीच तिची तिथली. चौदा वर्षं आया म्हणून राबलेली बाई. भाजलेल्यांच्या वॉर्डात तिनं इतकं बघितलं होतं की कुणी किंचाळलं तरी तिच्या हातातल्या भांड्यातलं पाणी डचमळत नसे. पण गाडीतल्या गोधडीतून "माय व" असा आवाज आला, आणि हातातली बादली खाली पडली ती पडलीच.

ही लेक, मंगला, फोपनार गावात दिलेली. माघाचे दिवस. भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवलेला. तेव्हा घरोघरी तेच. कापूस मधोमध आणि माणसं कोपऱ्यात. त्याच घरात चूल पेटायची! चुलीतली एक ठिणगी उडाली आणि कापसाला तर निमित्तच हवं असतं. मंगलाची पाठ, मान आणि डावा दंड भाजला. नवऱ्यानं, देवरामनं, घोंगडी टाकून तिला बाहेर ओढलं म्हणून जीव तरी राहिला. आता यात शिव्या द्यायच्या तरी कुणाला? चुलीला?

त्या वॉर्डात डॉक्टर गजानन पुराणिकांचा एक प्रयोग चालला होता. माणूस तरुण, नागपूरला शिकलेला, हट्टी, पण मनाचा साफ. प्रांताचं नाव बदलून वर्ष झालं होतं, आसपासची संस्थानं विलीन होऊन पसारा वाढला होता, दवाखान्याच्या पाटीवरचा नवा रंगसुद्धा वाळून गेला होता; पण जखमेवर बांधायला गॉज म्हणाल तर कधीच पुरत नसे. आणि असेल ती ओल्या जखमेला असली चिकटायची की बदलताना कातडीसकट निघायची. माणूस असा ओरडायचा की रस्त्यावरचा टांगा थांबावा. डॉक्टरांनी विचार केला, आपल्या मुलखात केळीच्या पानांना काय तोटा? कोवळं पान अर्धा तास उकळायचं आणि जखमेवर पसरायचं. चिकटत नाही, वर गारवा देतं.

मग त्यांनी वॉर्डाचे दोन भाग केले. भिंतीकडच्या खाटांना गॉज, ती ड्रेसर सुधाकर बांधायचा. खिडकीकडच्या खाटांना पान, ते गोदाबाईकडे. डॉक्टर रोज वहीत लिहायचे : ताप किती, पू किती, कोण सुधारलं, कोण गेलं.

पानाकडची माणसं ओरडत नसत, हे खरं. पण पाचव्या-सहाव्या दिवशी जखमेवर हिरवट पू धरायचा, गोडसर उग्र वास सुटायचा, आणि माणूस हातचा जायचा. दिवाळीपासून पानाकडे पाच जण आले, त्यातले चार गेले. गॉजकडे सात आले, दोन गेले.

म्हणून डॉक्टर मंगलासाठी गॉज काढायला लागले. गोदाबाई आडवी आली.

"तिला गॉज नको, डॉक्टरसाहेब. मी ऐकलंय माणसांचं ओरडणं. माझ्या पोरीचं नाही ऐकवणार मला."

"गोदाबाई, पानाकडची माणसं टिकत नाहीत हो. मी तर पानं बंदच करायच्या विचारात आहे."

"जे गेले ते आपल्या भोगानं गेले. हिचं मी करीन. माझ्या लेकीला मी काही होऊ देईन का?"

डॉक्टरांनी मान डोलावली. पुढं कितीदा तरी त्यांनी या मान डोलावण्याबद्दल स्वतःला बोल लावला. पण वेळ निघून गेल्यावर शहाणपण कुणालाही येतं.

देवराम दररोज सकाळी फोपनारहून कोवळी पानं आणायचा, फडक्यात गुंडाळून, सुरळी न मोडता. गोदाबाई ती धुवायची, उकळायची, लेकीच्या पाठीवर पसरायची. चार दिवस मंगला बरी होती. थोडी पेज घ्यायची, नवऱ्याला म्हणायची, "कापूस जळाला तर जळाला, बैल तरी बरे आहेत ना?" पाचव्या दिवशी गोदाबाईनं पान उचललं, आणि पाठीवर हिरवं दिसलं.

तिला वाटलं पानाचाच रंग उतरला असेल. तिनं पुसून बघितलं. मग वास आला.

"सुधाकर! अरे सुधाकर, जल्दी ये रे बाबा!"

त्या दिवसापासून वॉर्डात पळापळ सुरू झाली. डॉक्टरांनी गाद्या उन्हात टाकल्या, खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड ठोकलं, भेटायला येणाऱ्यांना दारात थोपवलं. पेनिसिलीन मिळवलं आणि टोचलं. या हिरव्या पुवाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. गोदाबाई बहादरपूरच्या देवीला नवस बोलून आली, दर्ग्यात चादर कबूल करून आली, पोरीवरून मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. आई आहे ती. तिनं काय काय केलं नसेल!

सुधाकरनं मात्र वेगळंच काढलं. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या त्यानं झाकणाच्या काचेच्या बशांत ठेवल्या, जंतू असतील तर त्यांवर वाढून दिसतील म्हणून, आणि एकेका चकतीला वॉर्डातली एकेक वस्तू टेकवली : चिमटा, ट्रे, स्वतःचा हात, गोदाबाईचा हात. एकीला पातेल्यातून नुकतंच काढलेलं पान. एकीला मंगलाच्या पाठीवर ठेवायच्या क्षणी अलगद मागून घेतलेलं पान. दोन दिवसांनी बशा उघडल्या. चिमटा, ट्रे, धुतलेले हात आणि पातेल्यातलं पान, या सगळ्यांच्या चकत्या स्वच्छ होत्या. पाठीवर जाणाऱ्या पानाची हिरवी झाली होती.

म्हणजे पान निर्दोष. पातेलं निर्दोष. जे काय होत होतं ते पातेलं आणि खाट यांच्यातल्या आठ पावलांत होत होतं. आणि त्या आठ पावलांत एकटी गोदाबाई होती.

सुधाकरनं त्या बशा डॉक्टरांसमोर ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, "गोदाबाई, तुम्ही रोज जसं करता, तसं आम्हाला करून दाखवा. काही लपवू नका."

"लपवायचं काय त्यात? सगळं तुम्ही सांगितलं तसंच करते मी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. पोरगी मरायला टेकलेली आणि हे बुकं शिकलेले लोक तिची परीक्षा घेतायत!

तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. झाकण काढलं. चिमट्यानं पान उचललं, हात अजिबात न लावता. ट्रेमध्ये पसरलं. तांब्यातलं पाणी बोटांनी शिंपडलं, उकळलेल्या फडक्यानं पुसलं. ट्रे उचलला आणि खाटेशी आली.

"पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. डॉक्टर वाकून बघत होते, सुधाकर बघत होता, देवराम दारातून बघत होता. तिघांनाही काही दिसलं नाही.

मंगला पालथी पडली होती, तोंड ट्रेकडे. तापानं ओठ फुटले होते, तरी तिला हसू आलं.

"माय," ती म्हणाली, "पाणी शिंपडून पुसतेस काय? माझ्या पाठीवर जेवायला वाढतेस का व?"

देवरामसुद्धा हसला. आणि मग कुणीच हसेना.

डॉक्टर स्टुलावर बसले. "मी रोज बघतोय हे," ते म्हणाले. "तीन महिने बघतोय. आमच्या घरी आईनं पान मांडलं की पहिलं पाणीच शिंपडते. मला दिसलंच नाही."

"तापीमाईचं पाणी आहे ते," गोदाबाई म्हणाली. "पहाटे आंघोळ करून मी स्वतः भरून आणते घाटावरून. कोरडं पान कुणी मांडतं का, साहेब? असं कसं मांडायचं?"

डॉक्टरांनी तांब्या उचलून आत बघितलं.

"हात लावू नका म्हणालात, नाही लावला. पाणी लावू नका, असं तुम्ही नाही म्हणालात!"

"नाही म्हणालो," डॉक्टर म्हणाले. "माझ्या डोक्यातच नाही आलं."

सुधाकरनं तांब्यातला थेंब एका नव्या चकतीवर टाकला. खरं तर गरज नव्हती. गोदाबाईला आधीच कळून चुकलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर ते चार जण एकामागून एक उभे राहिले, आणि त्यांच्या आया, ज्यांनी जाताना तिचे हात हातात घेऊन म्हटलं होतं, बाई, तू फार केलंस.

डॉक्टरांनी पातळ सिरक्यानं, म्हणजे पाणी घातलेल्या व्हिनेगरनं, जखम धुवायला घेतली. दिवसातून चारदा धुवायचे. झोंबायचं फार. मंगला दात आवळून पडायची. पण विष आत उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची बडबड सुरू झाली, मधूनच शुद्धीवर यायची.

अशाच एका शुद्धीत गोदाबाईनं तिच्या कानाशी तोंड नेलं. "पोरी, मीच केलं ग हे. माझ्याच हातानं."

मंगलानं हात सरकवून आईचा पदर धरला. मग म्हणाली, "गार वाटायचं, माय. पान ठेवलंस की गार वाटायचं. मी वाट बघायची त्याची."

शनिवारी दुपारी ती गेली. देवराम भिंतीला डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. गोदाबाईला रडू आलं नाही.

दोन वाजता डॉक्टर तिला म्हणाले, "तुम्ही घरी जा." पण खिडकीकडच्या दुसऱ्या खाटेवर त्या सकाळीच लोधीपुऱ्यातली रंभाबाई आली होती, स्टो भडकून दोन्ही मांड्या भाजलेली, आणि पान पसरायचं काम गोदाबाईशिवाय कुणाला नीट जमत नव्हतं. मंगलाला न्यायला फोपनारहून गाडी यायची होती. गोदाबाई उठली. हात धुतले, झाकण काढलं, चिमट्यानं पान उचललं. ट्रेवर पसरल्यावर तिचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, तांब्या ठेवायची त्या जागेकडे. जागा रिकामी होती. तिनं हात मागं घेतला आणि कोरडं पान रंभाबाईच्या मांडीवर ठेवलं.

पाचवा दिवस गेला, सहावा गेला. हिरवं आलं नाही. सव्विसाव्या दिवशी रंभाबाई आपल्या पायांनी वॉर्डाबाहेर पडली. तिच्या सासूनं गोदाबाईच्या पदरात नारळ घातला आणि पाया पडायला वाकली. गोदाबाई झटकन मागं सरकली. नारळ पडला, घरंगळत खाटेखाली गेला. बिचारी सासू गोंधळली, आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

माणसं गेल्यावर डॉक्टर वहीत लिहीत होते. चेहऱ्यावर चार महिन्यांनी जरा उजेड दिसत होता. गोदाबाई त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"खोटं कशाला बोलू, साहेब," ती म्हणाली. "ती चालत गेली ना, मला तिचा राग आला. ती जगली याचाच राग आला. चार लोकांची लेकरं माझ्या हातून गेली, तेव्हा मी भोग म्हणाले. मला शिकवायला माझीच मंगला लागली."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. पण ती थांबली नाही. खिडकीकडच्या तिसऱ्या खाटेवरचं पान बदलायचं होतं. ती साबण घेऊन हात धुवायला बसली, आणि तिथं मोरीत, लेक गेल्यापासून पहिल्यांदा, हमसून हमसून रडली.