अर्ध्यावर अर्धा वेढा

रोह्याच्या कंपनीत पाणबुडीची मोटर घडत होती. खोल पाण्यात, आवाज न करता, पाणबुडीला पुढं ढकलणारी, एखाद्या खोलीएवढी. तिच्या तांब्याच्या कॉइलवर अभ्रकाची फीत गुंडाळायचं काम बायांकडं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. कमी चढला तर आज काही बिघडत नाही. पण पुढं कधीतरी, समुद्राच्या पोटात, नेमकी तिथंच वीज फुटते.

कासू गावची नूतन हे वेढे गाण्यावर घालायची. गाणं तिच्या आईचं, पुतळीचं; पेणकडच्या मिठागरात मीठ ओढताना म्हणायचं:

ओढ गो बाय, ओढ गो, मीठ फुललं वाफ्याला,
खाडी गेली माघारी, ऊन ठेवलं राखणीला.

एका ठेक्याला एक वेढा. तिचे ओठ हलताना बघून सुपरवायझर सुशीलसर तिला ‘रेडिओ’ म्हणायचे.

पुतळी मिठागरातच गेली. भर दुपारी बांधावर टेकली, ती उठलीच नाही. नूतन रडली नाही. बारावं उरकलं, दुसऱ्या दिवशी तिनं रोह्याची गाडी धरली, एप्रन चढवला, कामाला बसली. संध्याकाळी टेबलावर कॉइल तयार होती. वर तिच्याच नावाची चिठ्ठी. पण ती गुंडाळल्याचं काही केल्या आठवेना. गाणं म्हटलं नव्हतं, एवढंच ठाऊक.

कॉइल चाचणीत पास झाली. आता ती बाकीच्यांबरोबर मोटरीत बसणार, मग वरून राळ भरणार. राळ घट्ट झाली की आत कुणालाच बघता यायचं नाही.

नूतननं शेजारच्या टेबलावरच्या हौसामावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, “गप ऱ्हा गो! पास झाली ना? तुझ्यापायी सगळ्यांची शिफ्ट लांबंल.”

“आत मानसं असतील, मावशी.”

“मानसं रोह्याच्या गाडीतबी असतात. तिथं कुटं इंजिन खोलून बघतेस?”

नूतन उठली, सरांपुढं जाऊन उभी राहिली. “सर, माझी ती कॉइल कापून बघा.”

“का गं रेडिओ, चूक झाली?”

“ठाऊक नाय. कधी केली, तेच आठवत नाय.”

“पास झालेली कॉइल कापली म्हणून वर काय सांगू मी?” सर तडकले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि कटर मागवला.

फीत उभी चिरली. वेढ्यावर वेढा, अर्ध्यावर अर्धा, जिताड्याच्या खवल्यांसारखे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरांनी भिंग लावलं. केसाचाही फरक नाही.

“बघ! चांगली कॉइल फुकट घालवलीस.”

“हात हायेत का मशीन गो तुझे?” मावशी म्हणाली.

नूतन वाकून बघतच राहिली. वळणापाशी, सांध्यापाशी, पुन्हा वळणापाशी. एखादा तरी वेढा सरकला असेल. आई गेली हे हातांना कुठंतरी कळलं असेल.

“आता काय शोधतेस गो? बरोबर हाय ना?”

“व्हय. बरोबरच हाय.”

सरांनी दुसरं तांबं पुढ्यात ठेवलं. तिनं फितीचं टोक दाबून धरलं. बोटांखाली फीत होती, पण बोटांना काही वाटत नव्हतं. हात चालू लागले. या खेपेला ती एकेक वेढा डोळ्यांनी बघत राहिली.